अण्णांचा काळा मांडव

अण्णा मेहेंदळ्यांनी कोणाला मदत करायची म्हटलं, की कुमुदकाकू आधी देवाजवळ निरांजन लावतात. मदत घेणाऱ्याचं भलं व्हावं, एवढीच त्यामागची भावना. अण्णांची दानत मोठी, पण ती एकदा उधाणावर आली की तिला बांध घालणारा माणूस श्रीवर्धनात अजून जन्माला यायचाय. शेजारच्या दादू खोपकरांची पाण्याची मोटर त्यांनी "नुसती बघून देतो" म्हणून उघडली, त्या दिवसापासून खोपकरांकडे रहाटाचं पाणी आहे. कोणी विषय काढलाच तर अण्णा म्हणतात, "रहाटाने दादूची तब्येत सुधारली. विचारा त्याला." दादूला कोणी विचारत नाही.

तेव्हा आश्लेषाचा फोन आला आणि अण्णा फोनवरच "तू काही काळजी करू नकोस, मी आहे ना!" असं म्हणाले, ते ऐकून काकूंच्या हातातली वात निम्मी वळायची राहिली.

आश्लेषा म्हणजे अण्णांच्या धाकट्या भावाची मुलगी. मुंबईत आर्किटेक्चरच्या शेवटच्या वर्षाला. परीक्षेसाठी तिला काकांच्या वाडीत एक सावली उभी करायची होती, आणि ती बघायला परीक्षक तिथेच येणार होत्या. घर नाही, पडवी नाही, नुसती सावली. सुपारीच्या कोवळ्या रोपांना दुपारनंतरचं पश्चिमेचं ऊन सोसत नाही, आणि सकाळचं मात्र हवं असतं. तर सूर्य कुठून कुठे जातो हे कॉम्प्युटरला सांगायचं, रोपं कुठे आहेत ते सांगायचं, आणि मग कॉम्प्युटर शेकडो फळ्यांचे कोन असे काढून देतो की सकाळचं ऊन आत येईल आणि दुपारचं बाहेर राहील. एक आकडा बदलला की सगळ्या फळ्या आपणहून सरकतात. ती फाइल मशीनला दिली की मशीन प्लायवूडमधून एकेक फळी कापून देतं. माणसाचा हात लागत नाही.

"आणि काका, एकही फळी दुसरीसारखी नाही!" वाडी बघायला आलेली आश्लेषा अभिमानाने म्हणाली.

"का पण? सुतार तर सगळ्या सारख्या करतो."

"सूर्य सगळीकडून सारखा येतो का?"

मुलगी हुशार आहे हे अण्णांनी त्या क्षणी मान्य केलं आणि जागा दाखवायला लागले. पण जागा शेवटी आश्लेषानेच निवडली. वाडीचा विहिरीमागचा कोपरा. वादळाने श्रीवर्धन झोडपलं त्या वर्षी त्या कोपऱ्यातली एकूण एक सुपारी आडवी झाली होती. वडिलांनी लावलेली झाडं. नंतर सगळ्यांनी आपापल्या वाड्यांत नवी रोपं लावली, पण अण्णांनी तो कोपरा तसाच ठेवला. सुपारीला फळ धरायला वर्षं लागतात, आणि आपल्या वयात ती कोणासाठी लावायची, असं ते म्हणत. खरं म्हणजे तिकडे जाणंच त्यांनी सोडलं होतं. विहिरीवर गेले तरी पाठ त्या बाजूला करून उभे राहायचे.

आश्लेषाने मात्र त्यांना परत तिकडे जायला लावलं. "काका, रोपंच नसतील तर सावली कोणाला देऊ?" म्हणून रोपं लावून घेतली. मग रोज फोन. आज ऊन कुठवर आलं, कुठल्या रोपावर आधी पडलं, भिंतीची सावली कधी सरकली. अण्णा सकाळ-संध्याकाळ त्या कोपऱ्यात हातात काठी घेऊन उभे. वाडीबद्दल त्यांना इतक्या वर्षांत कोणी काही विचारलं नव्हतं. मुलगा अजेय पुण्याहून फोन करतो तो फक्त "विकायची का?" एवढंच विचारायला. ही पोरगी मात्र पानं पिवळी पडतात का हे विचारते! अण्णांना तिच्यासाठी काय करू आणि काय नको असं झालं. अनर्थाला सुरुवात झाली ती इथे.

पहिली मदत म्हणजे परवानगी. दादू खोपकर एसटीच्या डेपोत कंट्रोलर होते. निवृत्त झाले तरी जगातल्या प्रत्येक गोष्टीवर त्यांचं नियंत्रण चालूच आहे. ते कुंपणावरून म्हणाले, "अण्णा, समुद्र इथनं हाकेवर. उद्या कोणी तक्रार केली म्हणजे? कागद करून ठेव."

आणि अण्णांची उभी हयात अलिबागच्या सरकारी कचेरीत गेलेली. कागदाशिवाय त्यांना शिंकसुद्धा सुटसुटीत येत नाही. ते तडक नगरपरिषदेत परवाने देणाऱ्या भाऊसाहेबांसमोर जाऊन बसले.

"बांधकाम आहे का?" भाऊसाहेबांनी विचारलं.

"नाही. सावली आहे."

"छप्पर आहे?"

"आहे, पण त्यातून ऊन येतं. सकाळी."

"मग पावसात?"

"पाऊसही येईल."

"मग ते छप्पर कसलं, अण्णा?" भाऊसाहेब तरुण होते, पण चेहरा मुरलेला होता. "भिंती?"

"भिंतीच आहेत. त्याच वर जाऊन छप्पर होतात."

भाऊसाहेबांनी पेन खाली ठेवलं. त्यांच्या यादीत घर होतं, गोठा होता, विहीर होती, मांडव होता. सूर्य बघून वाकणाऱ्या भिंती नव्हत्या. शेवटी ते म्हणाले, "तात्पुरता मांडव लिहितो. परीक्षक येणार त्या दिवसापुरता. कारण काय लिहू? मांडवाला कारण लागतं. लग्न, मुंज, बारसं?"

मेहेंदळ्यांच्या घरात लग्नाचं, मुंजीचं किंवा बारशाचं कोणीही उरलं नव्हतं. अण्णा घाईघाईने म्हणाले, "सत्यनारायण!"

"वा! मग प्रसादाला येतो," असं म्हणून भाऊसाहेबांनी शिक्का मारला.

अण्णांनी उभ्या नोकरीत खोटा कागद केला नव्हता, आणि सत्यनारायणाचा तर मुळीच करणार नव्हते. तेव्हा परीक्षक येणार त्याच दिवशी सत्यनारायण घालणं आलं. गुरुजींनी विचारलं, "संकल्प काय करायचा? कशासाठी पूजा?" अण्णा म्हणाले, "परवान्यासाठी." गुरुजींनी चष्मा काढून पुसला आणि वहीत तसंच लिहून घेतलं. काकूंनी मात्र एवढंच म्हटलं, "पोरीची परीक्षा आणि घरात पूजा, एकाच दिवशी? तुमची मदत झाली एवढी पुरे आता."

पण ती पुरी झाली नव्हती. कारण टेम्पो आला.

आश्लेषा आणि तिचा वर्गमित्र प्रणय मागून यायचे होते, फळ्या आधी आल्या. नव्या मुंबईतल्या कुठल्याशा वर्कशॉपमधून कापून, गठ्ठे बांधून. अण्णांनी एक फळी हातात घेतली. धनुष्यासारखी बाकदार, गुळगुळीत, आणि एका टोकाला बारीक कोरलेलं अक्षर आणि आकडा. हा कारखान्याचा छाप असणार, असं अण्णांनी ठरवलं. इतक्या सुरेख लाकडावर छाप मारायची काय गरज, असंही त्यांना वाटलं. मग त्यांनी फळीची कड नखाने खरवडली आणि त्यांचा जीव गलबलला. लाकूड कोरडं होतं. तेलाचा थेंब नाही!

इथे हे सांगायला हवं, की मेहेंदळ्यांच्या वाडीत लाकूड आलं की त्याला आधी डिंबेल लागतं. डिंबेल म्हणजे काजूच्या टरफलांतून निघणारं काळंकुट्ट तेल. दाराला डिंबेल, शिडीला डिंबेल, रहाटाला डिंबेल. वाळवी त्याच्या वासानेच पळते. आजोबांपासून चालत आलेला हा नेम, आणि पोरीचं एवढं नाजूक काम वाळवीच्या तोंडी द्यायचं? अण्णांनी डबा उघडला, बाह्या सरसावल्या आणि ब्रश उचलला. काकू म्हणाल्या, "तिला विचारा तरी!" अण्णा म्हणाले, "तिला आश्चर्य वाटू दे."

आश्चर्य वाटावं असं काम त्यांनी केलं यात शंका नाही. एकेक फळी दोन्ही बाजूंनी, कडांनी, खाचांतून. मग दुसरा हात. सगळं अंगणभर वाळत घातलं. उन्हात त्या फळ्या अशा चकाकत होत्या की अण्णांना स्वतःचं कौतुक आवरेना. डिंबेल हातावर उततं, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. पण हातमोजे घालून प्रेमाचं काम होत नाही, असं त्यांचं मत. दुसऱ्या दिवशी त्यांच्या बोटांना फोड आले, तिसऱ्या दिवशी सालं निघाली, आणि त्यातच ते बँकेत पेन्शनसाठी हयातीचा दाखला द्यायला गेले. यंत्राने त्यांचा अंगठा तपासला आणि ओळख द्यायला नकार दिला. मग दुसरा अंगठा. मग सगळी बोटं. काउंटरवरची मुलगी नम्रपणे म्हणाली, "काका, सध्या तुम्ही नाही आहात." अण्णा खोबरेल तेलात भिजवलेल्या फडक्यांत हात गुंडाळून घरी आले आणि पडवीत बसून राहिले. जिवंत माणसाने असलं ऐकून घेणं सोपं नसतं.

आश्लेषा आली ती त्याच संध्याकाळी. फाटकातूनच तिने अंगणाकडे पाहिलं आणि पाठीवरची पिशवी खाली टाकली.

"काका, हे काय आहे?"

"डिंबेल!" अण्णा बांधलेले हात पसरून म्हणाले. "आता शंभर वर्षं वाळवी लागायची नाही."

"नंबर कुठे गेले?"

"कसले नंबर? तो छाप होय? झाकला गेला. छान झालं की नाही?"

आश्लेषा मटकन पायरीवर बसली. प्रणयने तोंड दुसरीकडे फिरवलं. मग त्याने हळू आवाजात अण्णांना सांगितलं, की एकही फळी दुसरीसारखी नाही, शेजारच्या दोन फळ्यांत नखभराचा फरक असतो, आणि कुठली कुठे बसते हे फक्त त्या आकड्यांवरून कळतं. परवा परीक्षक म्हणून तेजस्वी मॅडम येणार. उभं राहिलं नाही तर आश्लेषाचं वर्ष गेलं. याआधी दोन वेळा मॅडमनी तिचं काम "कॉम्प्युटरवर छान दिसतं, जमिनीवर उभं करून दाखव" म्हणून परत पाठवलं होतं.

कोणी रागावलं असतं तर अण्णांना बरं वाटलं असतं, पण आश्लेषा रागावली नाही. डोळे पुसून ती म्हणाली, "असू दे, काका. मोजून काढू."

मग मोजणी. फाइलमध्ये प्रत्येक फळीची लांबी होती, तेव्हा फळी मोजायची आणि फाइलमध्ये शोधायची. दादू खोपकर सून गौरीला आणि तिच्या शिवणाच्या टेपला घेऊन आले. प्रणयकडे लोखंडी टेप होता. अण्णांनी आपली कचेरीतली फूटपट्टी आणली, पण ती धरायला बोटं नव्हती. बाकदार फळी मोजायची कशी, वरच्या कडेने की खालच्या, यावर दादूंचं आणि अण्णांचं वाजलं. एकच फळी तिघांनी मोजली तर तीन वेगळ्या लांब्या आल्या, आणि फाइल म्हणाली, तिन्ही फळ्या आहेत! बॅटरी तिरकी मारून पाहिली, तर त्या काळ्या चकाकीत आकडा कुठला आणि प्लायवूडची रेघ कुठली काही कळेना. मध्यरात्रीपर्यंत हाताशी लागल्या त्या फळ्यांचा धड स्टूलसुद्धा झाला नसता.

दुसऱ्या दिवशी सकाळी अण्णा भाऊसाहेबांचा परवाना हातात धरून विहिरीवर बसले होते. पाठ नेहमीसारखी कोपऱ्याकडे नव्हती. ते रोपांकडे बघत होते. त्यांच्या मनात आलं, पोरीने या कोपऱ्याकडे तोंड करायला लावलं, आणि आपण तिचं काय केलं?

आत काकूंची उद्याची तयारी चालू होती. पूजा रद्द करा म्हणायची अण्णांची छाती नव्हती. गौरी अंगणात आली. उद्या गर्दी होणार म्हणून रांगोळी आजच काढून ठेवते म्हणाली. पण अंगणभर फळ्या. तिने जरा जागा केली, रांगोळीची वाटी एका फळीवर ठेवली, पदर खोचला आणि कोपराचा धक्का लागून वाटी कलंडली. पांढरी भुकटी फळीभर. आधीच घरात एवढी सुतकी कळा पसरलेली, त्यात आपण आणखी भर घातली म्हणून बिचारी घाबरली आणि तळहाताने भरभर पुसायला लागली.

"अण्णा," ती म्हणाली. मग मोठ्याने ओरडली, "अण्णाऽ! ह्याच्यावर काय तरी लिवलंय!"

काळ्या फळीच्या टोकाला, कोरलेल्या रेषांत रांगोळी बसून, एक अक्षर आणि एक आकडा पांढराशुभ्र उमटला होता.

आश्लेषा घरातून पळत आली. तिने दुसरी फळी घेतली, चिमूटभर रांगोळी चोळली, पुसली. आकडा! तिने गौरीला मिठी मारली, मग प्रणयला मारायला निघाली, मग वाटेत थांबून अण्णांना मारली. अण्णा हात वर धरून उभे राहिले, कारण फडक्यांना तेल होतं.

रांगोळी संपली. मग तांदळाचं पीठ निघालं, खोपकरांच्या नातवाची पावडर निघाली, चुन्याची डबी निघाली. प्रसादाच्या रव्याकडे अण्णांची नजर गेली तेव्हा काकू डब्यावर हात ठेवून बसल्या. पुकारण्याचं काम दादूंनी आपणहून घेतलं. अंगणाच्या मधोमध उभं राहून, डेपोतल्या जुन्या आवाजात, "प्रवाशांनी लक्ष द्यावे! बी बावीस, बी बावीस विहिरीच्या बाजूला लागलेली आहे!" आळीतली माणसं आवाज ऐकून आली आणि हातात फळी देऊन कामाला लावली गेली. आश्लेषा शिडीवर, प्रणय खाली खाचा जुळवायला. खाचेत खाच बसायची ती असा बारीक "टक्" आवाज करून, आणि प्रत्येक टक्-ला अण्णा मान डोलवायचे. करायला दुसरं काही त्यांना कोणी देत नव्हतं. एकदा त्यांनी "मी जरा धरतो" म्हटलं, तर चार माणसं एकदम "नको!" म्हणाली. अण्णांना ते लागलं, पण त्यांनी गिळलं.

पूजेच्या दिवशी सकाळी सगळं उभं राहिलं, फक्त एक फळी नव्हती. नेमकी मधली. फाइल उलटीपालटी केली, अंगण झाडलं, विहिरीत डोकावून झालं. मॅडम निघाल्या असा फोनही आला. शेवटी सापडली स्वयंपाकघरात. काकू तिच्यावर प्रसादाची केळी चिरत होत्या. "बाकदार आहे, हाताशी बरी येते," त्या म्हणाल्या. इतक्या दिवसांनी अण्णांना घरात आपल्या जोडीचं कोणीतरी सापडलं आणि त्यांना फार बरं वाटलं.

मॅडम मात्र माणगावच्या कोंडीत अडकल्या. माणगावात गाड्या तुंबल्या की मुंबईपासून गोव्यापर्यंतचा प्रत्येक माणूस बोटं मोडतो. त्या दिवशी अण्णांनी माणगावच्या दिशेला हात जोडले. केळ्याचा चिकटा पुसून, पीठ चोळून, शेवटची फळी टक् करून बसली, आणि मग फाटकाशी गाडी थांबली.

तेजस्वी मॅडम उंच, करड्या केसांच्या आणि कमी बोलणाऱ्या. त्या आत आल्या तेव्हा ऊन उतरायला लागलं होतं. वाडीवर सगळीकडे पश्चिमेचा तांबूस प्रकाश पसरला होता. फक्त त्या कोपऱ्यात, काळ्या फळ्यांच्या पोटात, रोपं गार सावलीत उभी होती. एकाही पानावर ऊन नव्हतं. मॅडमनी मांडवाला एक फेरी घातली. मधोमध चौरंग, केळीचे खुंट, आणि फळ्याफळ्यांवर पांढरे आकडे. भाऊसाहेब प्रसादाला वेळेआधीच येऊन बसले होते, त्यांनी मॅडमना नमस्कार केला.

"नंबर सगळे लपवतात," मॅडम आश्लेषाला म्हणाल्या. "तू दाखवलेस. आणि काळा रंग. विचार काय होता?"

अण्णांनी डोळे मिटले. आश्लेषाने क्षणभर त्यांच्याकडे पाहिलं.

"विचार नव्हता, मॅडम. माझ्या काकांनी वाळवी लागू नये म्हणून न विचारता डिंबेल लावलं आणि नंबर झाकले गेले. मग या गौरीवहिनींची रांगोळी सांडली. आणि ही पूजा परवान्यासाठी आहे." ती रोपांकडे वळली. "पण ऊन कुठे पडतं ते मी नाही मोजलं. तेही काकांनीच मोजून दिलं. रोज. म्हणून सावली बरोबर पडलीय."

मॅडम अण्णांकडे वळल्या. हात मिळवायला पुढे केला, फडकी पाहिली, आणि मग दोन्ही हात जोडले. "किती टिकेल हे?"

"वाळवी लागायची नाही," अण्णा म्हणाले. शंभर वर्षांचं त्यांना आठवलं नाही.

"बरं," मॅडम म्हणाल्या, आणि आश्लेषाला, "उभं आहे." एवढंच. आश्लेषा केळीच्या खुंटाला धरून रडायला लागली, तेव्हा सगळ्यांना कळलं की ती पास झाली.

पूजेला अण्णांच्या हातांचा उपयोग नव्हता, म्हणून शेजारी आश्लेषा बसली आणि त्यांच्या वतीने पळीने पाणी सोडत राहिली. प्रसाद घेता घेता भाऊसाहेबांनी हळूच आठवण केली, "अण्णा, परवाना आजच्यापुरता हां. उद्या उतरवायला लागेल. आणखी ठेवायचा तर नवा अर्ज, नवं कारण." मग त्यांनी रोपांकडे पाहिलं. "किती दिवस लागेल ह्यांना सावली?"

"तीन वर्षं तरी."

भाऊसाहेबांनी शिऱ्याचा दुसरा घास घेतला. "प्रसाद चांगला झालाय. दर पौर्णिमेला घालत असाल पूजा, तर मांडव रोज कोण उतरवतो?"

अण्णांनी भीत भीत काकूंकडे पाहिलं. काकू म्हणाल्या, "घालू की. पण मदत तुम्ही नाही करायची."

त्याला आता बऱ्याच पौर्णिमा झाल्या. आश्लेषा जमेल तेव्हा मुंबईहून येते. आळी जमते, दादू प्रसादाच्या द्रोणांची वाहतूक नियंत्रित करतात, गौरी फिकट झालेल्या आकड्यांवर पुन्हा रांगोळी चोळते. बोटांवर नवी कातडी आली आणि बँकेतल्या यंत्राने अण्णांना जिवंत म्हणून मान्य केलं. रोपं त्यांच्या गुडघ्याच्या वर गेलीत. फळ धरेल तेव्हा कोण असेल, हा विषय ते आता काढत नाहीत. गेल्या पौर्णिमेला गुरुजींनी सवयीने विचारलं, "संकल्प परवान्याचाच ना?"

अण्णा वडिलांच्या कोपऱ्यात पाटावर बसले होते. समोर रोपं, डोक्यावर काळा मांडव, शेजारी पळी धरून आश्लेषा.

"नाही, गुरुजी," ते म्हणाले. "मागायचं काही नाही. मिळालं, एवढं फक्त त्याला सांगा."